इंग्लंडमधल्या शाळेत रुजू होताय? पहिल्या काही आठवड्यांत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

भारतात बी.एड. करून काही वर्षं शिकवलेल्या आणि आता इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या माध्यमिक शाळेत नोकरी मिळालेल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. मी स्वतः या वाटेने गेले आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. तिकडे जाणार असाल तर यातला निम्मा भाग तुम्हाला लागू नाही.

आपल्यापैकी बहुतेकजण जाण्याआधी विषयाची तयारी करतात आणि विषयात सहसा कुणी अडकत नाही. माणसं अडकतात ती शाळेच्या पद्धतीत: हजेरी, शिस्तीचं धोरण, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम, ई-मेलची शिष्टाई. आपल्याकडे शिक्षकाचा दरारा त्याच्या स्वतःच्या नावावर उभा असतो. तिथे पहिल्या सत्रात तुमचं नाव कुणाला माहीतच नसतं. तेव्हा शाळेच्या व्यवस्थेचा आधार घ्यायचा. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

१. निघण्याआधी: कागदांची फाइल

मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेवा आणि स्कॅन प्रती ई-मेलवर ठेवा. यादी अशी:

- पासपोर्ट, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचा (नोकरी देणारी शाळा व्हिसासाठी देते त्या नोंदीचा) क्रमांक आणि यूकेव्हीआयच्या, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन खात्याचा लॉगिन. व्हिसा आता कार्डावर मिळत नाही, ई-व्हिसा असतो. त्यामुळे ज्या मोबाइल नंबरवर आणि ई-मेलवर खातं उघडलंय ते तिथे गेल्यावरही चालू राहिले पाहिजेत. भारतीय सिम बंद करण्याची घाई नको.
- पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका.
- प्रत्येक शाळेचा अनुभवाचा दाखला, लेटरहेडवर. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विषय आणि इयत्ता हव्यात. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीचा दाखला पुरत नाही.
- पासपोर्ट सेवेतून मिळणारं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. मधल्या काळात आखातात वगैरे नोकरी केली असेल तर त्या देशाचंही लागतं, आणि ते इंग्लंडमध्ये बसून मिळवणं फार जिकिरीचं असतं.
- लसीकरणाची नोंद, चष्म्याचा नंबर, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी.
- वाहन परवाना. भारतीय परवान्यावर तिथे राहायला गेल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते.

महाराष्ट्रातल्या लोकांना हमखास नडणारी गोष्ट म्हणजे नाव. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर तिसरंच नाव. तपासणाऱ्या माणसाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी जे लागू असेल ते फाइलच्या सगळ्यात वर ठेवा.

नोकरी लावून देतो म्हणून एजंट पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. ब्रिटनमध्ये एजन्सीने नोकरी शोधणाऱ्याकडून त्याबद्दल शुल्क घेणं कायद्याने बंद आहे. शाळा, किंवा ती ज्या ट्रस्टची आहे तो ट्रस्ट, परवानाधारक स्पॉन्सरांच्या सरकारी यादीत आहे का हे स्वतः पाहून घ्या. यादी सगळ्यांना खुली आहे.

२. उतरल्यावरचे पहिले काही दिवस

क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक काम दुसऱ्यावर अडून बसतं.

आधी यूकेव्हीआय खात्यात जाऊन शेअर कोड काढा. नोकरीचा हक्क दाखवायला एक आणि घर भाड्याने घ्यायला दुसरा. दोन्ही वेगळे असतात आणि प्रत्येक ९० दिवस चालतो. ई-व्हिसावरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक त्याच बैठकीत तपासा.

मग बँक. इथे एक मजेशीर चक्र आहे: खात्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, पत्त्यासाठी घर लागतं आणि घरमालकाला खातं हवं असतं. शाळेच्या ऑफिसकडून तुमचा तात्पुरता पत्ता आणि पगार लिहिलेलं पत्र घेतलंत की बरंच सुटतं. मोबाइलवरून खातं उघडणाऱ्या बँका कागदांच्या बाबतीत थोड्या सैल असतात, सुरुवातीला तेवढं पुरतं. पगाराची यादी महिन्याच्या मध्यालाच बंद होते, त्यामुळे खाते क्रमांक त्याआधी द्या. नाहीतर सप्टेंबरचा पगार ऑक्टोबरच्या पगारासोबत येईल आणि तोवर घरून आणलेल्या पैशांवर दिवस काढावे लागतील.

नॅशनल इन्शुरन्स क्रमांकासाठी सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा. तो हातात येण्याआधीही काम सुरू करता येतं. मात्र शाळा ‘स्टार्टर चेकलिस्ट’ नावाचा फॉर्म देईल तो कोरा सोडू नका. ६ एप्रिलपासूनची ही तुमची पहिली नोकरी असल्याचं विधान त्यात असतं. ते लागू असेल तर त्यावर खूण करा. फॉर्म दिला नाही की सुरुवातीला जास्त कर कापला जातो. तो परत मिळतो, पण सावकाश.

डॉक्टरकडे नोंदणी आजारी पडण्याची वाट न पाहता करा. घराजवळच्या जीपी सर्जरीत नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. व्हिसाबरोबर तुम्ही वर्षाला १,०३५ पाउंड आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो.

घराच्या बाबतीत एवढंच सांगते: अनामत रक्कम साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि घरमालकाने ती ३० दिवसांत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत जमा करावी लागते. भारतात बसून, घर न पाहता कुणालाही पैसे पाठवू नका.

३. करारावरची एक ओळ: क्यूटीएस आहे की नाही

क्वालिफाइड टीचर स्टेटस, म्हणजे क्यूटीएस, ही इंग्लंडमधली शिक्षकाची अधिकृत पात्रता. परदेशात पात्र झालेल्या शिक्षकांना ती मिळवण्यासाठी शिक्षण खात्याची ऑनलाइन सेवा फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. भारतासाठी वाट खुली झाली ती गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांच्या शिक्षकांसाठी. आजच्या अटी अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्या. क्यूटीएस नसतानाही परदेशात पात्र झालेला शिक्षक चार वर्षांपर्यंत शिकवू शकतो, पण ते घड्याळ शिकवण्याच्या पहिल्या दिवसापासून चालू होतं.

याचा थेट संबंध पगाराशी आहे. क्यूटीएस नसेल तर शाळा तुम्हाला ‘अनक्वालिफाइड’ श्रेणीत बसवू शकते. मुख्य श्रेणीची पहिली पायरी, एम१, सप्टेंबर २०२५ पासून लंडनबाहेर वर्षाला ३२,९१६ पाउंड आहे. तुमच्या मागच्या अनुभवाची वर्षं धरून वरची पायरी द्यायची की नाही हे शाळेच्या पगार धोरणावर ठरतं. म्हणून सही करण्याआधी विचारायचं, लेखी. सही झाल्यावर हा विषय काढणं अवघड जातं.

‘अर्ली करिअर टीचर’ म्हणून दोन वर्षांचं इंडक्शन तुम्हाला लागू आहे का, हेही त्याच ई-मेलमध्ये विचारा. लागू असेल तर पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के कमी तास आणि एक मार्गदर्शक शिक्षक मिळणं हा तुमचा हक्क आहे.

४. सेफगार्डिंग: इथे ढिलाई चालत नाही

मुलं येण्याआधीच्या एक-दोन दिवसांना इन्सेट म्हणतात. त्यात तुमचं प्रशिक्षण होईल आणि ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या सरकारी दस्तऐवजाचा पहिला भाग वाचल्याची सही घेतली जाईल. तो खरोखर वाचा. आपल्याकडे परिपत्रकावर सही करून ते पुढच्या टेबलावर सरकवण्याची सवय असते, ती विमानतळावरच सोडून यावी.

शाळेत एक डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीड असतो, सगळे त्याला डीएसएल म्हणतात. त्याचं नाव, खोली आणि तो नसेल तर कोण, हे पहिल्याच दिवशी पाठ करा. एखादं मूल तुमच्याजवळ घरातलं किंवा बाहेरचं काही त्रासाचं सांगू लागलं तर शांतपणे ऐका. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. ‘बाबांनी मारलं का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि त्याच दिवशी डीएसएलला कळवा. बहुतेक शाळांत यासाठी सीपॉम्स किंवा तसली एखादी संगणक प्रणाली असते. तातडीचं असेल तर प्रणालीत लिहून थांबू नका, उठून डीएसएलच्या खोलीत जा. स्वतः चौकशी करणं, पालकांना परस्पर फोन करणं, समेट घडवणं ही तुमची कामं नाहीत. मनातून कितीही वाटलं तरी.

यातच स्वतःच्या वागण्याचे नियम येतात. मुलांना वैयक्तिक नंबर द्यायचा नाही. सोशल मीडियावर त्यांची विनंती स्वीकारायची नाही. स्वतःच्या फोनवर त्यांचे फोटो काढायचे नाहीत. गाडीतून कुणाला सोडायचं नाही. एकट्या मुलाशी बोलायचं तर दार उघडं किंवा काचेचं. वाढदिवसाची चॉकलेटं वाटण्याआधी ॲलर्जीची यादी बघायची. बऱ्याच शाळांत शेंगदाणे आणि इतर सुकामेवा आणायलाच बंदी असते, त्यामुळे डब्यातल्या चटणीचाही विचार करावा लागतो.

आणि हात. सरकारी शाळांत शारीरिक शिक्षा १९८७ पासून बंद आहे, खासगी शाळांत १९९९ पासून. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ती बंद केलीच आहे, तरी मायेने मारलेली टपली किंवा कान धरणं अनेकांच्या हातवळणी पडलेलं असतं. तिथे त्याची नोंद शिक्षकाविरुद्धची तक्रार म्हणून होते आणि ती शाळेबाहेरच्या अधिकाऱ्यापर्यंत जाऊ शकते. वही काढून घेण्यासाठी दंड धरणं, वाट अडवून उभं राहणं हेसुद्धा टाळा.

५. वर्गात उभं राहण्याआधी

शाळेचं ‘बिहेवियर पॉलिसी’ नावाचं पत्रक मिळवा आणि ते तोंडपाठ करा. थट्टा नाही, खरंच तोंडपाठ. पहिली ताकीद कोणत्या शब्दांत द्यायची, दुसरी कशी, कोणत्या टप्प्याला मूल वर्गाबाहेर जातं, त्याला न्यायला कोणाला बोलवायचं, डिटेन्शन (शिक्षा म्हणून थांबवून ठेवणं) किती मिनिटांचं आणि ते कोण घेतं, हे सगळं त्यात असतं. मुलांना ते तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तुम्ही एक पायरी गाळलीत की ती लगेच दाखवून देतात.

पहिल्या तासाचा क्रम असा ठेवा. दारात उभं राहून मुलांना आत घ्या. फळ्यावर पाच मिनिटांचं लेखी काम आधीच लावलेलं असू द्या. बसण्याची जागा तुम्ही ठरवायची. संगणकात प्रत्येक मुलाचा फोटो असतो, त्यावरून आदल्या दिवशी सीटिंग प्लॅन बनवा आणि नावं म्हणून बघा. मुलं लेखी कामात असताना हजेरी घ्या.

हजेरीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ती कायदेशीर नोंद आहे. संगणकावर, तासाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत झाली पाहिजे. कारण कळलं नसेल तर ‘एन’, उशिरा आलं तर ‘एल’. आजारपणाचे वगैरे कोड ऑफिस भरतं, तुम्ही अंदाजाने भरू नका. आधीच्या तासाला हजर असलेलं मूल तुमच्या तासाला नसेल तर लगेच कळवा. आपल्याकडे तास संपल्यावर मस्टर भरला तरी फारसं बिघडत नाही. तिथे दहा मिनिटांत ऑफिसमधून फोन येतो.

आता गडबडीबद्दल. मोठे दंगे क्वचितच होतात. माणसाला थकवतात त्या छोट्या गोष्टी: सतत कुजबुज, पेन्सिल फेकणं, ‘पण मी काहीच केलं नाही, मिस.’ इथे आवाज चढवला की मुलांची करमणूक होते आणि शेजारच्या वर्गातला शिक्षक डोकावतो. सगळ्यांसमोर वाद घालू नका. धोरणातलं वाक्य, मुलाचं नाव, पुढची पायरी, आणि लगेच धड्याकडे परत. अख्ख्या वर्गाला शिक्षा देऊ नका, निर्दोष मुलं कायमची दुरावतात. डिटेन्शन लावलंत तर प्रणालीत नोंदवा आणि शक्यतो स्वतः तिथे हजर राहा. मूल तुम्हाला तिथे बघतं, आणि पुढच्या तासाला फरक पडतो.

‘ऑन-कॉल’ला, म्हणजे अशा वेळी मदतीला येणाऱ्या शिक्षकाला, बोलावणं म्हणजे कमीपणा, असं आपल्याला वाटतं. मुख्याध्यापकांकडे मूल पाठवलं म्हणजे वर्ग सांभाळता येत नाही, हा आपल्याकडचा समज. तिथे ती सोय त्यासाठीच केलेली आहे, आणि धोरणानुसार वापरली तर कुणी नावं ठेवत नाही. वापरली नाही तर मात्र विचारतात.

दुसऱ्या आठवड्यात रोज एका घरी चांगली बातमी सांगायला फोन करा. शाळेच्या फोनवरून, दोन मिनिटं. शाळेतून फोन म्हणजे तक्रारच, अशी त्या पालकांचीही समजूत असते. माझ्या मते पहिल्या महिन्यातलं इतकं फायद्याचं काम दुसरं नाही.

उच्चारांचं म्हणाल तर अडचण दोन्हीकडून असते. सूचना फळ्यावर लिहा, सावकाश बोला, मुलाचं कळलं नाही तर सरळ परत विचारा. कुणी तुमच्या बोलण्याची किंवा रंगाची, नावाची नक्कल केली तर हसून सोडू नका. वंशभेदी शेरा ही वेगळ्या नोंदीची बाब आहे. ती नोंद करा आणि त्या इयत्तेच्या प्रमुखाला सांगा.

६. काय शिकवायचं ते कुठे सापडतं

पाठ्यपुस्तक मिळेलच असं नाही. विभागाच्या शेअर्ड ड्राइव्हवर धड्यांच्या स्लाइड आणि ‘स्कीम ऑफ वर्क’ असते. इयर ७ ते ९ ला ‘की स्टेज ३’ म्हणतात. इयर १० आणि ११ मध्ये जीसीएसई या शालान्त परीक्षेचा अभ्यास असतो. आधी विचारा की परीक्षा मंडळ कोणतं: एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर की आणखी कुठलं. त्या मंडळाचा अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका आणि गुणदान योजना उतरवून घ्या. प्रश्न सोडवण्यापेक्षा गुणदान योजना वाचण्यात जास्त शिकायला मिळतं.

जीसीएसईला ९ ते १ अशा श्रेणी असतात, ९ सर्वोच्च. ४ म्हणजे सर्वसाधारण उत्तीर्ण, ५ म्हणजे ‘स्ट्राँग पास’. गणितात दोन स्तर असतात: फाउंडेशनमध्ये जास्तीत जास्त ५ मिळते, हायरमध्ये ९ पर्यंत. तीन पेपरांपैकी एकातच कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे तो नीट वापरायला शिकवणं हा अभ्यासाचाच भाग आहे. लाख-कोटी विसरून मिलियनमध्ये विचार करा, आणि भागाकाराची मुलांची मांडणी आधी पाहून घ्या. तुमची पद्धत बरोबर असली तरी अकरा वर्षांच्या मुलाला दोन मांडण्या म्हणजे गोंधळ.

विज्ञानाच्या शिक्षकांनी प्रयोगशाळेतल्या टेक्निशियनशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्यावी. साहित्याची मागणी काही दिवस आधी लेखी द्यावी लागते, आणि प्रत्येक प्रयोगाआधी धोक्यांचा आढावा लागतो. शाळा त्यासाठी क्लीप्स या संस्थेची मार्गदर्शिका वापरतात. ऐनवेळी ‘जरा ॲसिड द्या’ म्हटलं तर मिळत नाही.

वर्गात काही मुलांना विशेष गरजा असतात. त्यांची माहिती सेंको नावाच्या समन्वयकाकडे असते, आणि ज्यांची ईएचसीपी (शिक्षण, आरोग्य आणि काळजी यांची लेखी योजना) आहे त्यांच्यासाठी त्यात लिहिलेली मदत देणं बंधनकारक असतं. यादी वाचून सीटिंग प्लॅनवर खुणा करा. वर्गात टीचिंग असिस्टंट असेल तर तासाआधी दोन वाक्यांत काम समजावून सांगा. त्यांना त्या मुलाची माहिती तुमच्यापेक्षा किती तरी जास्त असते.

७. वेळ आणि माणसं

पूर्ण वेळ शिक्षकाचं राष्ट्रीय अटींनुसार वर्ष १९५ दिवसांचं, त्यात १९० दिवस मुलांसोबत. शाळा सांगेल त्या कामाचे तास वर्षाला १,२६५. शिकवण्याच्या वेळेच्या किमान १० टक्के वेळ तयारी आणि तपासणीसाठी मोकळा मिळतो, त्याला पीपीए म्हणतात. तो प्रॉक्सी तासासाठी घेता येत नाही. अकॅडमी शाळांच्या, म्हणजे सरकारी खर्चाने पण ट्रस्टकडून चालवल्या जाणाऱ्या शाळांच्या, अटी वेगळ्या असू शकतात, करार पाहा.

वह्या सगळ्या तपासू नका. हे आपल्या लोकांना पटत नाही, प्रत्येक पानावर लाल पेन फिरवल्याशिवाय चैन पडत नाही. शाळेचं मार्किंग धोरण जेवढं सांगतं तेवढंच करा, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत झोप उडालेली असेल.

सहकारी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, बऱ्याच शाळांत मुख्याध्यापकांनाही. मुलं ‘सर’ किंवा ‘मिस’ म्हणतात. वरिष्ठांची सूचना बऱ्याचदा प्रश्नाच्या किंवा सुचवणीच्या रूपात येते, ती सूचनाच समजा. पालकांशी संपर्क फक्त शाळेच्या ई-मेलवरून आणि फोनवरून, व्हॉट्सॲपवर अजिबात नाही. संतापलेल्या पालकाच्या ई-मेलला एकट्याने उत्तर न देता आधी विभागप्रमुखाला दाखवा.

‘लर्निंग वॉक’ म्हणून कुणी पाच मिनिटं मागे येऊन उभं राहिलं तर धडा थांबवू नका, मुलांना उभं करून नमस्कार करायला लावू नका. ते येतात आणि जातात.

८. महिन्याअखेर

पगारपत्रक नीट वाचा. कर कोडच्या शेवटी एम१ (पगाराच्या पायरीशी याचा संबंध नाही) किंवा एक्स असेल तर तो तात्पुरता आहे. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक मिळाला की तो शाळेला द्या आणि करखात्याशी बोला. टीचर्स पेन्शनची कपात आपोआप सुरू झालेली असेल. ती बंद करण्याआधी शाळाही त्यात मोठा वाटा भरते हे लक्षात घ्या.

एनईयू किंवा एनएएसयूडब्ल्यूटीसारख्या शिक्षक संघटनेचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्या. सभासद होण्याआधी उद्भवलेल्या प्रकरणात संघटना सहसा हात घालत नाही.

खासगी शिकवणीचा विचार मनात येईलच. त्याआधी व्हिसाच्या अटी वाचा, स्किल्ड वर्करला हवं ते जोडकाम करता येत नाही. नवा पत्ता आणि नवा पासपोर्ट यूकेव्हीआय खात्यात नोंदवायचा. शाळा बदलायची झाली तर नव्या शाळेची स्पॉन्सरशिप आणि व्हिसातला बदल मंजूर झाल्याशिवाय तिथे रुजू व्हायचं नाही. राजीनाम्याच्या तारखाही ठरलेल्या असतात: ३१ डिसेंबरला सुटायचं तर ३१ ऑक्टोबरपर्यंत, ३० एप्रिलसाठी फेब्रुवारीअखेरपर्यंत आणि ३१ ऑगस्टसाठी ३१ मेपर्यंत पत्र द्यावं लागतं. या तारखा आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.